एकही काटा नाही

मंगळवार, ४

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरगी रोज काय खाते ते लिहून ठेवा. म्हणून ही वही आणली. पण तिचं खाणं एका ओळीत संपतं. आजचं: दूध दोन पेले, गाळलेलं सूप अर्धी वाटी, संत्र्याचा रस. एवढं लिहून झाल्यावर अख्खं पान कोरं दिसतं आणि मला कोरं पान बघवत नाही. तेव्हा बाकीचं माझं लिहितो. वही दुकानातच राहील, सुट्या स्क्रूंच्या खणात. त्या खणात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

आज अकरावा दिवस. पोरगी आठ वर्षांची. माझी नाही, म्हणजे बायकोच्या पहिल्या लग्नाची. मी या घरात आलो त्याला सव्वा वर्ष झालं. घरात तिला फौजदार म्हणतात, कारण बोलायला लागल्यापासून तिनं एकाही माणसाला चौकशी केल्याशिवाय सोडलेलं नाही. मला घड्याळकाका म्हणते. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून.

अकरा दिवसांपूर्वी रात्रीच्या जेवणाला मी तिला मासा वाढला. बायको बाजारात मासे कापायच्या टेबलावर असते, त्यामुळे घरी मासा रोजचाच आणि फौजदाराचा जीव माशावर. त्या दिवशी काटे मी काढले. माझ्या हातानं. वर म्हणालो, "एकही काटा नाही. बिनधास्त खा." दुसऱ्या घासाला काटा घशात अडकला. दवाखान्यात चिमट्यानं काढला, पाच मिनिटांत. कापसावर ठेवून मला दाखवला. बोटाच्या पेराएवढासुद्धा नव्हता.

तेव्हापासून चावायचं काहीही तिनं तोंडात घेतलेलं नाही. घसा साफ आहे, जखम भरली आहे. भीती बसली आहे, बस्स. वजन तेवीस किलो होतं, आज एकवीस चारशे भरलं. अठरा तारखेला परत बोलावलंय. साडेवीसच्या खाली गेलं तर दाखल करून घेणार आणि नाकातून नळी घालणार. हे डॉक्टरीणबाई तिच्यासमोरच बोलल्या. पोरीनं एकही प्रश्न विचारला नाही. मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

बुधवार, ५

दूध दोन पेले, रस, सूप चार चमचे.

केळं कुस्करून दिलं. तिनं चमच्यानं ते ताटभर पसरलं आणि बघत बसली. मी म्हणालो, "अगं, एकही काटा नाही, शपथ." सासूबाई (त्या आमच्याकडेच असतात) पलीकडून म्हणाल्या, "जावईबापू, केळ्याची कसली शपथ घेताय?" सगळे हसले. फौजदार हसली नाही. ताट सरकवून उठली.

मी एवढं मनापासून सांगतो, तरी तिला पटत का नाही, कळत नाही. उद्यापासून आणखी ठासून सांगायला हवं.

शुक्रवार, ७

दूध एक पेला. सूप नाही. रस दोनदा.

हल्ली बायको बाजारातून उरलेला मासा आणते तो वाफवून ती आणि सासूबाई मागच्या दाराशी बसून खातात, पोरीच्या नजरेआड. हा माझाच नियम. काल बायको घरी आल्या आल्या फौजदारानं तिचा हात धरला, नाकाशी नेला आणि विचारलं, "आज कोणता होता?" बिचारीला वासानंही त्रास होत असणार. मी ताबडतोब लिंबाचा साबण आणून मोरीत ठेवला आणि बायकोला सांगितलं की दारातून आत यायच्या आधी हात धुवायचे.

बायको माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अहो, तुम्हाला घड्याळं कळतात ना? तेवढीच बघा." रागावली असावी. दिवसभर उभं राहून दमते, मी मनावर घेत नाही.

रात्री झोप नाही. सारखी नळी दिसते.

शनिवार, ८

दूध दोन पेले. दूध घेताना आता पेल्याच्या तळाशी बघते.

आज दुकानात एक बोटीवरचा स्वयंपाकी आला होता, मनगटी घड्याळ घेऊन. काच बदलेपर्यंत बोलायला बसला. मी कुणाला घरचं सांगत नाही, पण काय झालं कोण जाणे, सगळं भडाभडा बोलून गेलो. तो म्हणाला, "समुद्रात आजारी पडलेल्या, घरची आठवण काढून रडणाऱ्या, सगळ्या गड्यांना मी एकच गोष्ट खायला घालतो. उरलेला मासा." कृती पावतीच्या मागे लिहून घेतली. शिजलेला मासा रात्रभर गार करायचा. गार झाला की मांस पाकळ्या पाकळ्यांनी सुटतं आणि काटे उघडे पडतात. ताज्या माशात ते लपून बसतात. मग लोणी, मैदा आणि दूध आटवून दाटसर रस करायचा, त्यात मासा, वर कुस्करलेला बटाटा, त्यावर चीज आणि पावाचा चुरा. भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, घालून वरचा थर लालसर होईतो भाजायचं.

"चावावं लागतं का?" मी विचारलं.

"जिभेवर ठेवलं की संपलं," तो म्हणाला.

देवमाणूस. काचेचे पैसे मी घेतले नाहीत.

रविवार, ९

दूध, रस. सूप अर्धी वाटी.

घरी बेत सांगितला. बायको म्हणाली, "दिवसभर घड्याळाचे काटे, संध्याकाळी माशाचे. हौस आहे बाई एकेकाला!" पण मासा आणून द्यायचं कबूल केलं. सासूबाईंचं म्हणणं, जिला माशानं धरलं तिला परत मासाच कसा घालायचा? मी म्हणालो, पूर्वी तिला सगळ्यांत आवडायचं ते तेच ना. खरं तर माझ्याही मनात तेच आहे. पण भात नको, पाव नको, केळं नको. नऊ दिवस उरलेत. काहीतरी तर करायला हवं.

फौजदार दाराआडून ऐकत होती. "त्यात चीज असतं?" एवढंच विचारून पळाली.

मंगळवार, ११

शाळेतून आली ती घरी न जाता दुकानात आली. डोळ्याला भिंग लावून मी बायकी घड्याळाचा स्क्रू बसवत होतो. तिळाच्या निम्म्यानं असतो तो. तिनं विचारलं, "हा हरवला तर?"

"हरवत नाही."

"पण हरवला तर?"

"मी हरवू देत नाही," असं म्हणतोय तोच चिमट्यातून उडाला. सत्तावीस वर्षांचा हात, पण उडाला. मी दिवा घेऊन फरशीवर आडवा. अर्धा तास शोधतोय, टेबलाखाली, खुर्चीखाली, घाम फुटलेला. फौजदारानं काय केलं, डोळे मिटले आणि तळहात फरशीवरून फिरवत गेली. "हा घ्या," म्हणाली. आणि हसली. अठरा दिवसांत पहिल्यांदा.

माझी मात्र मान खाली गेली. शब्दाला तिच्या लेखी किंमत उरली नव्हतीच, आता हाताचीही गेली. संध्याकाळी ती दोन पेले दूध प्यायली. दूध गार होतं, म्हणून असेल.

उद्या करायचंच. बायकोनं आज मोठा मासा वाफवून ठेवलाय, अर्ध्याहून जास्त उरलाय. फ्रिजमध्ये आहे.

गुरुवार, १३

लिहायला हात होत नाही. पण लिहितो.

काल दुकान चारला बंद केलं. कामाचा दिवा घरी नेला, भिंग नेलं, नवा कोरा चिमटा नेला. स्वयंपाकघराच्या टेबलावर काळं फडकं अंथरलं. घड्याळ उघडताना आम्ही निघेल तो प्रत्येक भाग ओळीनं ठेवतो, म्हणजे परत जोडताना काही उरत नाही, काही राहत नाही. तेच केलं. माशाच्या डाव्या बाजूचे काटे वरच्या ओळीत, उजव्या बाजूचे खालच्या. दोन तास लागले. मान मोडून आली. स्वयंपाक्यानं सांगितल्याबरहुकूम बाकी सगळं केलं. भट्टीतून वास असा सुटला की सासूबाईसुद्धा येऊन डोकावून गेल्या.

भाजून होईतो मी फौजदाराला बोलावलं आणि अभिमानानं फडकं दाखवलं. "हे बघ, सगळे काटे इथे आहेत. इकडे डावे, इकडे उजवे. आत एकही नाही." तिनं बोट ठेवत ठेवत दोन्ही ओळी मोजल्या. मग म्हणाली, "दोन्हीकडे सारखे असतात ना?"

"हो तर."

"इथे एकतीस आहेत. इथे तीस."

मी मोजले. परत मोजले. एकतीस आणि तीस.

त्यानंतर मी जे केलं ते शहाण्या माणसानं करू नये. भट्टीतून भांडं काढलं. वर सोनेरी थर आला होता, कडेनं रस खदखदत होता. मी तो थर उचलून बाजूला टाकला आणि चिमट्यानं आतला मासा उपसायला लागलो. बोटं भाजली. बायको ओरडत होती, "अहो, काय चालवलंय!" मी म्हणत होतो, "एक राहिलाय, एक राहिलाय." ताटभर चिखल झाला. काटा सापडला नाही.

पोरगी दाराशी उभी राहून सगळं बघत होती. दूधसुद्धा न घेता झोपायला गेली.

शुक्रवार, १४

दूध अर्धा पेला. अर्धा.

वाण्याच्या वजनकाट्यावर उभी केली. वीस सातशे. चार दिवस राहिले.

सकाळी सासूबाई चहा घेता घेता म्हणाल्या, "शेपटीकडचा तुकडा मंगळवारी मीच खाल्ला होता. तुमचा तो एक काटा माझ्या ताटात गेला असेल." मी कपाळावर हात मारला. उष्ट्या माशाचे काटे जुळवत बसलो होतो मी! म्हणालो, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" तर म्हणतात, "तुम्ही विचारलंत कुठे? आणि गेला असेल म्हणाले, गेलाच असं नाही."

मग बायकोनं मला मोरीपाशी गाठलं. आवाज खाली होता, पण चांगलीच तापली होती. "माशाला काय कारखान्यात बनवलंय, दोन्हीकडे सारखे काटे असायला? मी रोज दीडशे मासे कापते. पण आजवर एकाही गिऱ्हाइकाला मी सांगितलेलं नाही की काटा नाही म्हणून. माझी आईसुद्धा कधी म्हणाली नाही मला. तुम्हीच कोण मोठे लागून गेलात?"

"तिला धीर वाटावा म्हणून..."

"तिला की तुम्हाला? आणि तिच्या तोंडाकडे बघणं बंद करा. पोरगी पेला उचलते की तुमची मान पुढे!"

जिव्हारी लागलं. मला पोर नाही, तेव्हा मला कळत नाही असं तिच्या मनात असेल. तसं ती बोलली नाही. पण मी या घरात आलो नसतो तर पोरगी आज धडधाकट जेवत असती, हे खरं आहे ना? ते कसं नाकारू?

रविवार, १६

दूध दीड पेला, रस.

फौजदार परत दुकानात. रविवारचं दुकान बंद असतं, मी उगीच जाऊन बसलो होतो. मनाला चैन नाही, घरी बसलो की मान पुढे जाते. ती स्टुलावर चढून बसली आणि चौकशी सुरू केली. आधीसारखी.

"तो एक काटा सापडला का?"

"नाही."

"आजीनं खाल्ला?"

"असेल."

"की त्या चिखलात होता?"

"असेल. माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही गं बाई, माहीत नाही." मी जरा वैतागूनच म्हणालो. नंतर वाईट वाटलं. लेकराशी असं बोलतात का?

तिनं भिंग डोळ्याला लावून माझा अंगठा बघितला, भाजलेला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "परत करायचं का? मी पण काढीन काटे."

मी हो म्हणालो. नळी घालायच्या आदल्या दिवशी हा शेवटचा प्रयत्न. बायको आज संध्याकाळी मासा ठेवणार आहे. मला काही आशा वाटत नाही. दाखल करायला लागलं तर काय काय न्यायचं, त्याची यादी मागच्या पानावर केली आहे. तिची उशी विसरायची नाही.

मंगळवार, १८

काल संध्याकाळचं आधी लिहितो, आजचं मग.

टेबलाच्या एका बाजूला मी, एका बाजूला फौजदार. भिंग तिच्याकडे, कारण तिनं मागितलं. काळं फडकं मी अंथरलं तर म्हणाली, "मोजायचे आहेत?" मी म्हणालो, नको. तेव्हा निघालेले काटे तिनं सरळ रद्दी कागदावर टाकले. माझा जीव खालीवर होत होता, पण फडकं घडी करून ठेवलं. तास दीड तास गेला. आमचं झालं, असं वाटलं तेव्हा बायको बाजारातून आली. हात धुतले, खुर्ची ओढली, छताकडे बघत बघत दोन्ही हातांची बोटं त्या पाकळ्यांमधून फिरवली आणि चार काटे काढून टेबलावर ठेवले. चार! भिंग लावून आम्ही दोघांनी तपासलेल्या माशातून.

"कसं केलंस?" फौजदारानं विचारलं.

"डोळ्यांनी नाही बघायचं. ये इकडे." पोरीचे हात धरून माशात घातले. "हळू. दाबायचं नाही. टोचलं की थांबायचं." पोरीनं डोळे मिटले. थोड्या वेळानं "आहे!" म्हणून ओरडली. पाचवा. मग सासूबाईही येऊन बसल्या. त्यांना काही सापडलं नाही, पण त्यांनी दोन पाकळ्या तोंडात टाकल्या. बटाटा मी कुस्करला, चीज पोरीनं किसलं. भट्टीपाशी मी एकटाच उभा होतो. तिथे मी काय काय कबूल केलं कुणाकुणाला, ते इथे लिहीत नाही.

जेवायला बसलो. वाफ निघत होती. फौजदारानं माझ्याकडे बघितलं. "आता एकही काटा नाही ना?"

तिघींच्या नजरा माझ्यावर. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. रोज म्हणत होतो, त्यात काय. पण टेबलावरचे ते पाच काटे आठवले. शेवटी म्हणालो, "माहीत नाही. आपण चौघांनी बघितलं. तरी असेल एखादा."

बायकोचा वाढायचा डाव हवेत थांबला. मला वाटलं, संपलं. माझ्या हातानं संपवलं मी. आता उद्या उशी घ्यायची आणि निघायचं.

पोरीनं थोडा विचार केला. मग ताट पुढे केलं. "थोडंच घाला."

पहिला घास चमच्याच्या टोकाएवढा. तोंडात ठेवला, डोळे मिटले. मी ताटाकडे बघत होतो, देवाशपथ, तोंडाकडे नाही. पण ऐकू तर येतं. ती चावत होती. दुसरा घास. तिसरा जरा मोठा. बायको उगीचच मीठ पुढे सरकव, पाणी ओत, असं करत होती. पाचव्या की सहाव्या घासाला पोरगी थांबली.

चावणं थांबलं. मी मान वर केली. तिचे डोळे उघडे आणि मोठे, गाल फुगलेला. मी अर्धा उठलोसुद्धा. सासूबाईंनी टेबलाखालून माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आणि खाली ओढलं. "बसा," म्हणाल्या. बायको जागची हलली नाही, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

फौजदारानं जीभ फिरवली. गालातून पुढे आणलं काहीतरी, दोन बोटं तोंडात घातली आणि काढलं. केसासारखा, नखाएवढा. उजेडात धरून बघितला. ताटाच्या कडेला ठेवला. आणि पुढचा घास घेतला.

तिनं आणखी दोनदा वाढून घेतलं. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि कांदा झोंबला म्हणत होत्या. आम्ही त्यात कांदा घातलाच नव्हता. मी मोरीत गेलो, नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिलो.

एकाएकी कशी खायला लागली, अजून कळत नाही. बटाट्याचा थर या वेळी छान खरपूस झाला होता, त्याचा परिणाम असावा.

आता आजचं. वजन वीस चारशे. साडेवीसच्या शंभर ग्रॅम खाली. डॉक्टरीणबाईंनी आकडा लिहिला, चष्मा काढला. मी घाईघाईनं सांगायला लागलो, "काल खाल्लंय तिनं, खरंच, बटाटा, चीज..." बायकोनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. चांगला दाबून ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला विचारलं, "काय खाल्लंस गं?"

"मासा."

"मासा!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि भीती नाही वाटली?"

"वाटली. काटा होता त्यात. मी काढला."

"अरे बापरे. नीट बघून नव्हता केला?" हे विचारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान खाली घातली.

उत्तर फौजदारानंच दिलं. "केला होता ना. पण घड्याळकाका म्हणाले होते, असेल एखादा. होता. त्यांनी खरं सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी नळीसाठी दाखल करायचा कागद फाडून टोपलीत टाकला आणि आठवड्यानं या म्हणाल्या. बाहेर येऊन जिना उतरताना पोरीनं विचारलं, आज बाजारात कोणता मासा आहे. बायको म्हणाली, बघू या. मला कठडा धरून जरा वेळ उभं राहावं लागलं. त्या दोघी खाली थांबल्या होत्या.